आधी विचारा, मग योजना आखा

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीजवळ जमीन हादरली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली पडकी घरं उभी करायला नुसते इंजिनिअर पुरणार नव्हते. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने गावोगावच्या बायकांनाच ‘संवाद सहायक’, म्हणजे गाव आणि सरकार यांच्यातला दुवा, केलं.

पुढे दुष्काळात प्रश्न बदलला. शेतात राबते बाई, मग काय पेरायचं हे कोण ठरवतं? बहुधा पुरुष. पीक सोयाबीन किंवा ऊस, आणि भाजी-डाळ विकतची! त्यातून ‘एक एकर मॉडेल’ आलं: घरच्या जमिनीतला एकरभर तुकडा बाईने मागून घ्यायचा, कमी पाण्यावरची डाळी-भाजीपाल्याची मिश्र पिकं लावायची, आधी घरात खायची, उरलेली बाजारात न्यायची. 2017 मध्ये ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

शेतीतल्या अडचणी विचारून समजून घेण्याचं काम इतरांनीही केलं. टाटा समाजविज्ञान संस्थेने 2005 मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशावरून, राज्यातल्या शेतकरी आत्महत्यांचा अभ्यास केला. नापिकी, वाढता उत्पादन खर्च आणि कर्ज यांची साखळी त्यात पुढे आली.

म्हणूनच कर्ज किंवा पीकविमा योजना आखणाऱ्यांनी आधी शेतात राबणाऱ्यांना विचारावं, आणि आपल्या सर्वेक्षणात शेतकरी बाईचा स्वतंत्र रकाना जरूर ठेवावा.