मशीन बोलतं, पण ऐकतं कोण?



कुणी घोरत असलं की आपण म्हणतो, "किती गाढ झोप लागलीय!" पण १५ फेब्रुवारी २०२२ च्या रात्री मुंबईत संगीतकार बप्पी लाहिरी गेले, तेव्हा डॉक्टरांनी कारण सांगितलं ते स्लीप ॲप्नियाचं. या आजारात झोपेत घसा सैलावतो, श्वासाची वाट बंद होते आणि दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ श्वास थांबतो. मोठ्या माणसांत असं तासाला १५ ते ३० वेळा झालं तर आजार मध्यम, ३० च्या वर गेलं तर तीव्र.

त्यावर घरी वापरायचं मशीन म्हणजे सीपॅप. ऑस्ट्रेलियाचे डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये हा उपचार जगापुढे मांडला. मास्कमधून हवेचा हलका दाब येतो आणि घसा उघडा राहतो.

हल्लीची बरीच मशीनं वायरलेस असतात. कुणात सिमकार्डासारखी सोय आतच असते, कुणी घरच्या वायफायला जोडतं, तर कुणी ब्लूटूथनं मोबाईलला. मशीन किती तास वापरलं, मास्कमधून हवा किती गळली, तासाला श्वास किती वेळा अडला, हे सकाळपर्यंत डॉक्टरांच्या स्क्रीनवर पोचू शकतं. बऱ्याच मशीनचा दाबही दुरूनच बदलता येतो. घर हडपसरला आणि डॉक्टर कोथरूडला असतील, तर मशीनमधलं कार्ड पिशवीत घालून ट्रॅफिकमधून जायला नको.

नेट गेलं तर श्वास अडेल का? नाही. दाब देते ती मशीनमधली मोटर. तिला नेट नाही, वीज लागते. म्हणून काळजी करायची ती लाईट जाण्याची. आपल्या इन्व्हर्टरवर मशीन किती वेळ चालेल, हे आधीच विचारून ठेवा.

मशीन घेताना आणखी तीन प्रश्न विचारा. खातं कुणाच्या मोबाईल नंबरवर उघडलंय, पेशंटच्या की दुकानदाराच्या? मशीन भाड्याचं असेल तर आधीच्या पेशंटची माहिती पुसून दाब आपल्या चिठ्ठीप्रमाणे लावलाय ना? आणि सगळ्यात महत्त्वाचं, ही माहिती बघणार कोण, आणि किती दिवसांनी? मशीननं माहिती पाठवली म्हणजे कुणीतरी ती वाचली, असं नाही. आकडे आपल्याही मोबाईलवर दिसतात का, ते बघा. हवा खूप गळत असेल किंवा श्वास अडण्याचा आकडा चढत असेल, तर पुढच्या तारखेची वाट न बघता फोन करा. दाब मात्र आपल्या मनानं बदलू नका.

जाता जाता आपल्याबद्दल. पाळी गेल्यावर बायकांमध्येही हा आजार वाढतो. सकाळी डोकं दुखणं, दिवसभर थकवा, रात्री सारखी जाग येणं, हे सगळं आपण घरकामाच्या नाहीतर वयाच्या खात्यावर टाकतो. ह्यांच्या घोरण्याची तक्रार आपण करतो. आपल्या घोरण्यावर घरात फक्त हसू होतं. तेव्हा मैत्रिणींनो, हसण्यावारी नेऊ नका. एकदा डॉक्टरांना सांगा.