एका झेलाचा खटला

न्यायाधीशाच्या निकालावर अपील करतां येतें. खेळांतील पंचाच्या निकालावर मात्र नुसता वाद घालतां येतो. हा वाद किती वर्षें टिकूं शकतो हें ज्यांना पाहावयाचें असेल, त्यांनीं आमच्याबरोबर अमेरिकेंतील पिट्सबर्ग या पोलादाच्या शहरीं यावें. 1972 सालच्या 23 डिसेंबरला तेथें एक झेल घेतला गेला. तो नियमांत बसत होता कीं नाहीं, याविषयीं तेथील लोक अजून भांडत आहेत.

प्रथम खेळाविषयीं चार शब्द सांगितले पाहिजेत. अमेरिकन लोक ज्याला फूटबॉल म्हणतात, त्यांत पायांचें काम थोडें आणि हातांचें फार. चेंडू लांबट असून दोन्ही टोकांना निमुळता असतो. ज्या संघाकडे चेंडू असेल त्याला दहा यार्ड पुढें सरकण्यासाठीं चार प्रयत्न मिळतात. चेंडू हातांत घेऊन पळावें, किंवा पुढें धांवणाऱ्या सोबत्याकडे फेंकावा व त्यानें तो वरच्यावर झेलावा. चेंडू भूमीला लागला कीं तो प्रयत्न फुकट गेला. चारही प्रयत्न फसले तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो.

त्या दिवशीं पिट्सबर्गचा स्टीलर्स संघ आणि ओकलंडचा रेडर्स संघ यांचा बादफेरीचा सामना होता. पिट्सबर्गनें तोंवर अशा फेरींतील एकही सामना जिंकलेला नव्हता. शेवटचे 22 सेकंद उरले असतां ओकलंड 7–6 असा पुढें होता, आणि पिट्सबर्गचा चौथा प्रयत्न होता. संघाचे वृद्ध मालक आर्ट रूनी सामना हरल्यासारखाच आहे असें समजून, खेळाडूंचें सांत्वन करण्याकरितां लिफ्टनें खालीं निघाले. त्यामुळें आयुष्यभर ज्याची वाट पाहिली तो क्षण त्यांना पाहावयास मिळालाच नाहीं!

टेरी ब्रॅडशॉ यानें अंगावर आलेल्या गड्यांना चुकवून चेंडू दूरवर फ्रेंची फुका या सोबत्याकडे फेंकला. चेंडू आणि ओकलंडचा जॅक टेटम हे दोघे फुकापाशीं जवळजवळ एकाच क्षणीं पोंचले. जबरदस्त टक्कर झाली, फुका कोसळला आणि चेंडू उलट दिशेनें कित्येक यार्ड मागें उडाला. आतां तो भूमीला लागणार, इतक्यांत मागून धांवत आलेल्या फ्रँको हॅरिसनें तो बुटांच्या उंचीवर टिपला आणि न थांबतां डाव्या कडेनें थेट गोलरेषेपलीकडे नेला. पिट्सबर्गनें सामना 13–7 असा जिंकला.

पण खरोखर जिंकला काय? खटल्याचें मूळ येथेंच आहे. त्या काळीं एक चमत्कारिक नियम होता. फेंकलेल्या चेंडूला एका संघाच्या गड्याचा प्रथम स्पर्श झाला, तर त्याच संघाच्या दुसऱ्या गड्याला तो झेलतां येत नसे. मात्र मध्यें प्रतिपक्षाच्या गड्याचा स्पर्श झाला असल्यास कोणींही झेलावा. म्हणजे चेंडू टेटमच्या अंगाला लागून उडाला असेल, तर हॅरिसचा झेल कायदेशीर; केवळ फुकाच्या अंगाला लागला असेल, तर बेकायदेशीर! दोन धिप्पाड देह एकमेकांवर आदळत असतां चेंडू कोणाला शिवला, हें सेकंदाच्या एका तुकड्यांत पाहून सांगावयाचें होतें.

पंचांनीं लगेच निर्णय दिला नाहीं. ते एकत्र जमून कुजबुजले. मुख्य पंच फ्रेड स्वेअरिंजन मैदानाच्या कडेच्या टेलिफोनकडे गेले, वर बसलेल्या पंचप्रमुखांशीं बोलले, आणि परत येऊन त्यांनीं गुण मान्य केल्याची खूण केली. ओकलंडच्या पक्षपात्यांत अशी आख्यायिका आहे कीं, त्यांनीं फोनवर फक्त मैदानांत पोलीस किती आहेत एवढेंच विचारलें! ही गोष्ट हरलेल्या पक्षाच्या कडवट विनोदांत जमा करावी, हें बरें.

खुद्द पिट्सबर्गच्या घराघरांतून हा झेल त्या वेळीं कोणाला दिसला नाहीं, कारण ज्या गांवीं सामना असेल तेथें तो टेलिव्हिजनवर न दाखविण्याची त्या काळीं पद्धत होती. दोन दिवसांवर नाताळ होता. ख्रिस्ती धर्मांतील माता मेरीच्या निष्कलंक गर्भसंभवाच्या श्रद्धेवर कोटी करून लोकांनीं या झेलाला 'इमॅक्युलेट रिसेप्शन', म्हणजे 'निष्कलंक झेल', असें नांव दिलें. ज्या झेलाच्या निष्कलंकपणाविषयींच वाद, त्याला हें नांव मिळावें ही मोठी मौज आहे.

साक्षीपुराव्याची स्थिति पाहा. टेटम आपला स्पर्श झालाच नाहीं असें सांगत राहिला. फुकानें तर, खरें काय तें मला ठाऊक आहे पण सांगणार नाहीं, असा पवित्रा घेऊन वर्षानुवर्षें लोकांना झुलवलें. ओकलंडचे शिक्षक जॉन मॅडन यांचा सल 2021 सालीं त्यांचा अंत होईपर्यंत गेला नाहीं. पुढें 2004 सालीं कार्नेगी मेलन विद्यापीठांतील पदार्थविज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक जॉन फेटकोविच यांनीं चित्रफितीचा अभ्यास केला, विटांच्या भिंतीवर चेंडू आपटून पाहिला, आणि चेंडू ज्या वेगानें मागें उडाला तो समोरून धांवून येणाऱ्या टेटमच्या धडकेखेरीज संभवत नाहीं असा निष्कर्ष काढला. आम्हांला हा युक्तिवाद पटतो. प्राध्यापकमहाशय पिट्सबर्गचेच रहिवासी, हें ओकलंडवाले अर्थात् विसरत नाहींत! शिवाय हॅरिसच्या बोटांत येण्यापूर्वीं चेंडू गवताला लागला होता काय, ही दुसरी शंका उरतेच. तिचा निकाल कोणतीही चित्रफीत देत नाहीं.

आमच्या मतें दोष पंचाकडे नाहीं, नियमाकडे आहे. ज्या प्रश्नाचें उत्तर मानवी डोळा देऊं शकत नाहीं तो प्रश्न नियमानें डोळ्याला विचारला. क्रीडासंघालाही तें पटलें असावें, कारण 1978 सालीं तो नियमच रद्द झाला.

यंत्राचा डोळा आला म्हणजे असे वाद मिटतील, असें कोणी म्हणेल. तर 2015 सालच्या 11 जानेवारीचा ग्रीन बे येथील सामना पाहावा. डॅलसच्या डेझ ब्रायंटनें शेवटच्या पांच मिनिटांत, चौथ्याच प्रयत्नांत, प्रतिपक्षाच्या गड्यावरून उंच उडी घेऊन चेंडू हातांत धरला, पावलें टाकलीं, आणि पडतां पडतां गोलरेषेकडे हात लांबविला. चेंडू भूमीवर आपटून उसळला व पुन्हां त्याच्याच हातीं आला. मैदानावरील पंचांनीं झेल दिला. चित्रफीत पाहून तो फिरविला गेला, आणि डॅलस 26–21 असें हरलें. झेलतांना पडणाऱ्या गड्यानें पडणें पुरें होईपर्यंत चेंडूवर ताबा ठेवावा, असा नियम होता. पण झेलणें कोठें संपलें आणि पळणें कोठें सुरू झालें? यंत्रानें चित्र हजार वेळां दाखविलें, उत्तर एकदांही दिलें नाहीं. पुढें 2018 सालीं तो नियमही गेला. नव्या नियमानें ब्रायंटचा झेल ग्राह्य ठरला असता, असें बहुतेक जाणकार म्हणतात. पण मागचा निकाल कसा फिरावा?

आपल्याकडील मंडळींना यांत नवल वाटूं नये. मुंबईच्या सूर्यकुमार यादवानें 2024 सालच्या 29 जूनला बार्बाडोस येथें विश्वचषकाच्या अंतिम सामन्यांत सीमेवर घेतलेला झेल, आणि सीमेची गादी जागची हलली होती काय हा प्रश्न, किती घरांतून जेवणाच्या पानावर चघळला गेला! आमच्या माहितीच्या एका घरीं त्यावरून काकापुतण्यांत दोन दिवस अबोला होता.

पिट्सबर्गचें तें मैदान 2001 सालीं पाडलें गेलें. तरी हॅरिसनें चेंडू टिपला ती जागा खूण करून राखली आहे, आणि शहराच्या विमानतळावर झेल घेतांनाचा त्याचा पुतळा चक्क जॉर्ज वॉशिंग्टनच्या शेजारीं उभा आहे. झेलाला पन्नास वर्षें पुरीं होण्यास तीन दिवस उरले असतां, 2022 सालच्या 20 डिसेंबरला, हॅरिस वारला. सन्मानार्थ त्याचा 32 हा क्रमांक यापुढें कोणाला न देण्याचा समारंभ 24 डिसेंबरला आधींच ठरलेला होता. तो त्याच्या माघारीं पार पडला. त्या रात्रीं पाहुणा संघ म्हणून मुद्दाम रेडर्सनाच बोलाविलें होतें. सामना पिट्सबर्गनें जिंकला, 13–10 असा.