संवेदकाचा आकार आणि भिंगाचा परिणामी दृश्यकोन : भिवंडीतील क्षेत्र-अभ्यासाच्या संदर्भात

प्रस्तावना

भिवंडी हे देशातील यंत्रमाग उद्योगाचे एक प्रमुख केंद्र होय. टेमघर व लगतच्या परिसरात क्षेत्र-अभ्यास करणाऱ्यास कारखान्याच्या अंतर्भागाची छायाचित्रे घ्यावयाची असल्यास अनेकदा अरुंद जागेत उभे राहावे लागते. मागे सरकण्यास वाव नसतो. अशा ठिकाणी एकाच नाभीय अंतराचे भिंग एका कॅमेऱ्यावर मागांची संपूर्ण रांग टिपते, तर दुसऱ्यावर रांगेचा मधला भागच दिसतो. हा फरक भिंगाचा नसून संवेदकाच्या (सेन्सरच्या) आकाराचा असतो. तो ध्यानात न घेतल्यास पुरावा म्हणून जोडलेले छायाचित्रच दिशाभूल करू शकते.

दृश्यकोनाचे गणित

भिंग वर्तुळाकार प्रतिमा निर्माण करते. संवेदक तिच्यातील एक आयत तेवढा टिपतो. आयत लहान असेल तर प्रतिमेच्या कडा बाहेर राहतात व दृश्यकोन आकुंचन पावतो. भिंगाचे नाभीय अंतर मात्र बदलत नाही. संवेदकाच्या रुंदीला नाभीय अंतराच्या दुपटीने भागल्यास येणारी संख्या ज्या कोनाचे टॅन्जन्ट गुणोत्तर असेल, त्या कोनाची दुप्पट म्हणजे आडवा दृश्यकोन. त्यानुसार ५० मि.मी. भिंगाचा दृश्यकोन ३६ मि.मी. रुंद 'फुल फ्रेम' संवेदकावर सुमारे ३९.६ अंश, २३.५ मि.मी. रुंद 'एपीएस-सी' संवेदकावर सुमारे २६.५ अंश, तर १७.३ मि.मी. रुंद 'फोर थर्ड्स' संवेदकावर सुमारे १९.६ अंश भरतो. ३६ ला २३.५ ने भागून येणारे सुमारे १.५ हे गुणोत्तर 'क्रॉप फॅक्टर' म्हणून ओळखले जाते.

चौकटीचा पूर्वेतिहास

हा प्रश्न डिजिटल युगातच उद्भवला असे नाही. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ मध्ये मुंबईत प्रदर्शित झाला. त्या काळातील ३५ मि.मी. मूकपटाची चौकट सुमारे २४ मि.मी. रुंद व १८ मि.मी. उंच असे. १९२५ मध्ये बाजारात आलेल्या लायका कॅमेऱ्याने तीच फिल्म आडवी धरून ३६ मि.मी. रुंद चौकट रूढ केली. म्हणजे फिल्म एकच असूनही चौकट निराळी, आणि म्हणून त्याच भिंगाचा दृश्यकोनही निराळा. मूकपटाच्या चौकटीवर ५० मि.मी. भिंगाचा दृश्यकोन सुमारे २७ अंश येतो. तो आजच्या एपीएस-सी संवेदकाच्या अगदी जवळचा आहे.

अंतर आणि यथार्थदर्शन

लहान संवेदकामुळे यथार्थदर्शन बदलते, हा एक प्रचलित गैरसमज होय. यथार्थदर्शन केवळ छायाचित्रकाराच्या स्थानावर अवलंबून असते. समजा, एक माग ३ मीटरवर व तसाच दुसरा ६ मीटरवर आहे. छायाचित्रात जवळचा माग दूरच्या मागाच्या दुप्पट मोठा दिसेल, मग संवेदक कोणताही असो. परंतु जवळचा माग पूर्वीइतकाच चौकटीत बसावा म्हणून एपीएस-सी कॅमेरा घेऊन त्याच भिंगासह ४.६ मीटरवर उभे राहिल्यास दुसरा माग ७.६ मीटरवर जातो व हे प्रमाण सुमारे १.६५ पट इतकेच उरते. परिणामी दोन मागांमधील जागा प्रत्यक्षाहून कमी भासते. कामाच्या जागेतील दाटीविषयी विधान करणाऱ्या अभ्यासात हा फरक गौण मानता येत नाही. मागे न सरकता तेवढेच दृश्य हवे असल्यास नाभीय अंतरच दीड पटीने कमी असलेले भिंग वापरावे लागते. फुल फ्रेमवरील १८ मि.मी. चे काम एपीएस-सी वर १२ मि.मी. चे भिंग करते.

निष्कर्ष

केवळ 'भिंग ५० मि.मी.' एवढी नोंद अपुरी ठरते. प्रकल्प अहवालातील छायाचित्राखाली संवेदकाची रुंदी, भिंगाचे प्रत्यक्ष नाभीय अंतर आणि मुख्य वस्तूपासूनचे अंतर या तीन बाबी नमूद होणे आवश्यक आहे. मोबाईलच्या छायाचित्रांबाबत प्रत्यक्ष व '३५ मि.मी. समतुल्य' नाभीय अंतर यांची गल्लत टाळावी. पाच वर्षांनी त्याच कारखान्यात जाणाऱ्या अभ्यासकास याच नोंदींवरून ठरविता येईल की, बदल जागेत झाला आहे की केवळ कॅमेऱ्यात.