अंगावरून वारं गेल्यावर: सुया, काढे आणि सराव

तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, की ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणत चाकण-भोसरीच्या वस्त्यांत अजूनही आधी मालिशवाल्याची आठवण होते. कुणी कबुतराचं रक्त चोळायला सांगतं. पण हा पक्षाघात असतो आणि तो मेंदूच्या रक्तवाहिनीतल्या बिघाडाने होतो. गुठळी अडकली की वाहिनी फुटली, हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि रुग्ण शेवटचा धडधाकट दिसला तिथपासून ते तास मोजतात. म्हणून पहिला फोन १०८ ला.

सुयांचा प्रश्न त्यानंतरचा. ‘अ‍ॅक्युपंक्चर थोतांड आहे’ म्हणणारे आणि ‘सुयांनी लकवा उतरतो’ असं छातीठोकपणे सांगणारे, दोघंही चुकतात. १९३८ साली सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्यातलेच डॉ. बसू पुढे ही विद्या शिकून आले. महाराष्ट्राने तिच्यासाठी स्वतंत्र कायदा केला, २०१९ मध्ये केंद्राचीही मान्यता मिळाली. पण मान्यता म्हणजे गुणाची हमी नव्हे. २०१६ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या संस्थेने पक्षाघातानंतरच्या अ‍ॅक्युपंक्चरच्या ३१ चाचण्या तपासल्या. काही फायदा दिसला, मात्र बहुतेक चाचण्यांचा दर्जा कच्चा होता. चीनमध्येही या सुया फिजिओथेरपीच्या जोडीला दिल्या जातात.

हात परत येतो तो सरावाने. पेला उचलून तोंडापर्यंत नेणं, शर्टाचं बटण लावणं, हेच पुन्हा पुन्हा, रोज. मेंदूचा शाबूत भाग गेलेलं काम असंच शिकतो. घरचे मायेपोटी सगळं हातात आणून देतात, तिथे सराव बुडतो. उठवताना लुळा हात ओढतात, त्याने खांदा निखळू शकतो. आधार कमरेला द्यावा. ‘सहा महिने उलटले, आता काही होणार नाही’ हेही खरं नाही. सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत जास्त असतो. नंतर तो मंदावतो, पण थांबत नाही.

सगळ्यात घातक समज म्हणजे ‘जडीबुटीने अपाय होत नाही’. तानशेन ही चिनी मुळी वॉरफेरिन या रक्त पातळ करणाऱ्या गोळीसोबत घेतली तर रक्तस्राव होऊ शकतो. अशी कुठलीही गोळी चालू असेल तर सुया टोचणाऱ्याला ते आधी सांगा. काढा सुरू केला म्हणून बीपीची गोळी बंद करू नका.

पिंपरीत वायसीएम रुग्णालय आहे, डी. वाय. पाटील संस्थेची वैद्यकीय, फिजिओथेरपी आणि आयुर्वेद महाविद्यालयं आहेत. रुग्णालयाचे आणि सुया-काढ्यांचे असे दोन्ही उपचार घ्यायचे असतील तर सगळे कागद एकाच फाइलमध्ये ठेवा आणि ती फाइल दोन्हीकडच्या डॉक्टरांना दाखवा.