विश्लेषण : परदेशात स्वतः रांधून खाण्याची सुट्टी खरेच स्वस्त पडते का?

मे महिन्यात स्वित्झर्लंडला जाणारी अनेक मराठी कुटुंबे टूर कंपनीच्या बसऐवजी इंटरलाकेन किंवा लुसर्नला स्वयंपाकघर असलेले अपार्टमेंट भाड्याने घेतात. विमान, रेल्वे पास आणि मुक्काम यांचे आकडे निघण्यापूर्वीच पक्के असतात. फसतो तो जेवणाचा अंदाज, कारण तो रोज तीन वेळा नव्याने करावा लागतो आणि मुलांना भूक लागली की सगळे हिशेब बाजूला पडतात.

हिशेब कुठे चुकतो?

साध्या उपाहारगृहात एका माणसाचे गरम जेवण २५ फ्रँकच्या आसपास जाते, पाणी वेगळे. आईवडील आणि दोन मुले यांचे एका वेळचे १०० फ्रँक झाले. दोन्ही वेळा बाहेर जेवल्यास दहा दिवसांचे २,००० फ्रँक होतात. फ्रँक शंभर रुपयांचा धरला तरी हे दोन लाख रुपये आणि सध्या तो शंभराच्या वरच आहे. हेच कुटुंब सुपरमार्केटमधून पाव, दूध, अंडी, चीज, फळे, तांदूळ, भाजी आणून घरी रांधू लागले, तर दिवसाला ५० फ्रँकमध्ये भागू शकते.

मात्र ५० गुणिले १० म्हणजे ५०० असा आकडा लिहून वही मिटणे ही नेहमीची चूक. स्टेशनवरची कॉफी, मुलांचे आइस्क्रीम, डोंगरावर धुके उतरेपर्यंत बसायला लागणारी जागा आणि तिथले सूप यांचे दिवसाला ३० फ्रँक तरी धरावेत. शिवाय दोन वेळा निवांत बाहेर जेवण्याचे २०० फ्रँक. म्हणजे खरा आकडा १,००० फ्रँकच्या घरात जातो. बाहेरच्या खर्चाच्या तुलनेत तो निम्माच आहे, पण मनात धरलेल्या आकड्याच्या दुप्पट. पहिल्या दिवशी तेल, मीठ, साखर, चहा, भांडी घासायचा साबण असे सगळे एकदम घ्यावे लागल्याने त्या दिवसाचे बिल पाहून घाबरण्याचे कारण नाही. दर तीन दिवसांनी मुक्काम बदलणाऱ्यांना मात्र ही खरेदी पुन्हा पुन्हा करावी लागते आणि अर्धी बाटली तेल मागे राहते. स्वयंपाक करायचा असेल तर मुक्काम एकाच गावी असणे फायद्याचे.

बॅगेत काय न्यावे, काय नको?

सर्वाधिक गफलत इथे होते. भारतातून येणाऱ्या प्रवाशांना युरोपीय संघात किंवा स्वित्झर्लंडमध्ये मांस आणि दुग्धजन्य पदार्थ नेता येत नाहीत. तूप, पनीर, खवा, पेढे हे सगळे यात आले. ताज्या फळांना आणि भाज्यांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. केळी, अननस, नारळ, खजूर अशा मोजक्या फळांना त्यातून सूट आहे, आंब्याला नाही. फळमाशीच्या कारणावरून युरोपीय संघाने २०१४ मध्ये भारतीय आंब्यावरच बंदी घातली होती. ती २०१५ मध्ये उठली, तरी नातेवाइकांसाठी बॅगेत दडवलेली हापूसची पेटी विमानतळावरच राहण्याची शक्यता दाट. ताजा कढीपत्ताही याच नियमात येतो.

मेतकूट, भाजणी, पोहे, चिवडा, मसाले पाकीटबंद नेले तर अडचण सहसा येत नाही. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र नेऊ नयेत. त्यातील तेलामुळे विमान कंपन्या ते ज्वलनशील मानतात. दुबईमार्गे जाताना तिथे एखादा मुक्काम असेल तर खसखशीची आठवण ठेवावी. संयुक्त अरब अमिरातीत खसखस बाळगणे गुन्हा आहे, मग ती अनारशावर लावलेली का असेना.

वरणभात तिथे शिजतो का?

शिजतो, पण शेगडी बहुधा विजेची किंवा इंडक्शनची असते आणि साधा ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापत नाही. झरमॅटसारख्या १,६०० मीटर उंचीवरच्या गावात पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळते. त्यामुळे कुकरविना तूरडाळ तासभर ठेवली तरी बोटचेपी होत नाही. मसूर किंवा मुगाची डाळ न्यावी, ती साध्या पातेल्यातही शिजते.

खरेदी कधी आणि कुठे?

मिग्रोची ‘एम-बजेट’ आणि कोऑपची ‘प्री गारंती’ ही स्वस्त मालिकांची नावे लक्षात ठेवली तरी पुष्कळ बचत होते. आल्दी आणि लिडल आणखी स्वस्त. संध्याकाळी दुकान बंद होण्यापूर्वी पाव, कापलेली फळे, सॅलड यांवर २५ किंवा ५० टक्के सवलतीची चिठ्ठी चिकटवली जाते. स्थानिक लोकही ती शोधतात. खुद्द स्विस माणसे स्वस्त किराण्यासाठी सीमेपलीकडे जर्मनीतल्या कोन्स्टांझला जातात, यावरून महागाईची कल्पना यावी.

घोळ होतो तो वेळेचा. बहुतेक दुकाने संध्याकाळी साडेसहा-सातला बंद होतात, शनिवारी त्याहून लवकर. रविवारी मोठी स्टेशने आणि काही पर्यटनस्थळे सोडल्यास सगळे बंद. मे-जूनमध्ये ख्रिस्ती सणांच्या सुट्ट्याही येतात. पाणी विकत घेण्याची मात्र गरज नाही. नळाचे पाणी पिण्यायोग्य असते. एकट्या झुरिकमध्ये १,२०० हून अधिक कारंजी आहेत आणि बाटली भरायला पैसे पडत नाहीत.

कार्डाने पैसे देताना यंत्र ‘रुपयांत की फ्रँकमध्ये?’ असे विचारते. फ्रँकच निवडावे. रुपयांचा पर्याय सोयीचा वाटला तरी त्याचा दर महाग असतो. अनेक भारतीय कार्डांवर दोन ते साडेतीन टक्के परकीय चलन शुल्क आणि त्यावर जीएसटी लागतोच.

सुट्टी नेमकी कोणाची?

निम्म्या वाचलेल्या पैशांची किंमत बहुतेक घरांत एकच व्यक्ती मोजते. दिवसभर डोंगर चढून आल्यावर बाकीचे फोटो पाहत बसतात आणि आई कांदा चिरायला उभी राहते. निघण्यापूर्वीच्या वहीत खर्चाबरोबर आणखी एक रकाना आखता येतो : कोणत्या दिवशी कोण रांधणार, कोण भांडी घासणार. सकाळी सँडविच बांधण्याचे काम दहा वर्षांच्या मुलालाही जमते. बाबांची रात्र खिचडीची ठरली तरी हरकत नाही. बाहेरच्या दोन जेवणांपैकी एक रविवारी ठेवावे, त्या दिवशी दुकाने तशीही बंदच असतात.