सहल कचऱ्याची!

"सहल, आणि तीही कचरा बघायला?" बचत गटातल्या साऱ्याजणी हसल्या. तरीही आम्ही बावीस जणी वेंगुर्ल्याला गेलोच. नगरपरिषदेच्या जुन्या कचरा डेपोच्या जागी तिथे चक्क उद्यान झालंय. ओल्या कचऱ्यापासून गॅस, तर प्लॅस्टिकचा चुरा डांबरात मिसळून रस्त्यासाठी! नाकाला लावलेले पदर कधी खाली आले, कळलंच नाही.

सुका कचरा मात्र हातानेच निवडावा लागतो. तिथल्या एका ताईंना विचारलं, "जास्त त्रास कशाचा होतो हो?"

"दुधाच्या पिशव्यांचा. लोक न धुता टाकतात. घरी जाऊन साबण लावला तरी हाताचा वास जात नाही. पोरगं म्हणतं, आई, तू भरवू नको."

मी गप्पच झाले. स्वच्छतेवर भाषणं देणारी मी, पण माझ्याही घरची पिशवी तशीच जात होती.

आता मी पिशवी विसळून खिडकीत वाळत घालते. कोपराही पूर्ण कापून टाकत नाही. तो बारीक तुकडा निवडताना हाती लागत नाही. मैत्रिणींनो, दोन घोट पाण्याचं काम आहे. कराल ना?