'बिहोल्ड' म्हणजे काय?

इंग्रजींत 'बिहोल्ड' असें एक जुनें क्रियापद आहे. वर्गांत त्याचा अर्थ विचारला असतां विद्यार्थी तत्काळ 'पाहणें' असें सांगतात, आणि गाइडही त्यांचीच बाजू घेतें. परंतु 'सी' व 'लुक' हे दोन सुटसुटीत शब्द हाताशीं असतां इंग्रजांस हा तिसरा कशाला हवा होता, हें सहसा कोणी विचारीत नाहीं.

शब्द फोडून पाहूं. 'होल्ड' म्हणजे धरणें, हें लहान मुलासही ठाऊक आहे. आरंभींचा 'बि' हा उपसर्ग जुन्या इंग्रजींत 'भोंवतीं' किंवा 'पूर्णपणें' अशा अर्थानें लागत असे. सुमारें हजार वर्षांपूर्वीं या क्रियापदाचा अर्थ धरून ठेवणें, सांभाळणें आणि लक्ष देऊन पाहणें असा तिहेरी होता. इंग्रजीची भगिनी जी जर्मन भाषा, तींतील 'बेहाल्टन' याचा अर्थ आजही 'जवळ ठेवणें' असाच आहे. पाहण्याचा अर्थ काय तो इंग्रजींत रुजला.

हाताचें काम डोळ्यांकडे कसें गेलें, याचें नवल मराठी माणसास तरी वाटूं नये. आपण मुलावर नजर 'ठेवतों', शिकवलेलें लक्षांत 'धरतों'. फ्रेंच भाषेंत 'गार्दे' म्हणजे राखणें आणि 'रगार्दे' म्हणजे पाहणें. इंग्रजींतील 'ऑब्झर्व्ह' हें लॅटिनांतून आलेलें क्रियापद तर ताऱ्यांचें निरीक्षण करण्यासही चालतें व उपास पाळण्यासही. तेव्हां 'बिहोल्ड' म्हणजे ओझरतें दिसणें नव्हे. दृष्टीनें वस्तु धरणें व धरून ठेवणें होय.

हा शब्द आज टिकला आहे तो मुख्यत्वें बायबलामुळें. 1611 सालच्या इंग्रजी भाषांतरांत तो हजाराहून अधिक वेळां आला आहे. मुळांत तेथें बहुधा हिब्रू 'हिन्ने' किंवा ग्रीक 'इदू' असतो. पैकीं 'हिन्ने' हें क्रियापदच नव्हे. ऐकणाऱ्याचें लक्ष वेधणारा तो उद्गार आहे. मराठी बायबलांत त्या जागीं 'पाहा' येतो, आणि तो आम्हांस फार समर्पक वाटतो. 1978 सालीं पूर्ण झालेल्या एका प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरानें 'बिहोल्ड' काढून पुष्कळ ठिकाणीं साधा 'लुक' घातला, कोठें कोठें कांहींच घातलें नाहीं. वाचन सोपें झालें खरें, पण 'थांब, इकडे लक्ष दे' ही हांक मंदावली असें आमचें मत आहे. 2001 सालच्या दुसऱ्या एका भाषांतरानें तो जुना शब्द पुन्हा राखला, हें आम्हांस बरें वाटलें.

मात्र निबंधांत 'आम्हीं काल क्रिकेटचा सामना बिहेल्ड' असें लिहूं नये; वाचणारा हंसेल. सूर्योदय, हिमशिखर, अथांग सागर अशा विषयीं तो अद्याप शोभतो.

याच शब्दाचें जुनें भूतकालवाचक रूप 'बिहोल्डन'. त्याचा अर्थ उपकारानें बांधलेला, म्हणजे दुसऱ्यानें धरलेला. शेक्सपिअरच्या काळीं या अर्थीं 'बिहोल्डिंग' असेंही म्हणत, आणि त्याच्या 'ज्युलियस सीझर' नाटकांत अँटनीच्या तोंडीं तेंच रूप आहे. नाटक वाचतांना तें आढळल्यास छापखान्याची चूक समजून कोणीं पेन्सिलीनें खोडूं नये.